दोन चाकांमधलं अंतर

नागपूरहून भंडाऱ्याकडे निघालं आणि मौदा मागे पडलं की रस्त्यावरच्या गाड्यांची जात बदलते. मोठे ट्रक असतातच, पण त्यांच्या मधून मधून पिकअप सुरू होतात. भाजी, धानाची पोती, खताच्या बॅगा, लग्नाचं बिछायत सामान, वरातीचा बँड, काय वाटेल ते त्यात असतं. धान निघालं की मग तणसाचे ढीग. गाडी दिसतच नाही, नुसता पिवळा डोंगर डुलत चाललेला दिसतो. आणि हल्ली, गेल्या पाचसात वर्षांत म्हणू, त्यातल्या बऱ्याच पिकअपची चाकं मडगार्डच्या बाहेर आलेली दिसतात. बेडूक पाय फाकवून बसतो ना, तशी गाडी बसलेली वाटते. कुणी आत स्पेसर टाकलेले असतात, कुणी रुंद रिम चढवलेले असतात. विचारलं तर दोन उत्तरं मिळतात. एक, "गाडी रोडले धरून रायते." दुसरं, "दिसाले बरी दिसते."

दुसऱ्या उत्तरावर बोलण्यासारखं काही नाही. पहिल्या उत्तराने मात्र माझ्या डोक्यात किडा सोडला. दोन चाकांमध्ये किती अंतर असावं, हे ठरवतं कोण? गाडी बनवणारा, चालवणारा, की रस्ता?

मराठीत याचं उत्तर एका शब्दात बसलेलं आहे. चाकोरी. आज आपण तो शब्द फक्त टोमणा मारायला वापरतो. चाकोरीबद्ध आयुष्य, चाकोरीबाहेरचा सिनेमा वगैरे. पण ज्याने बंडी हाकली आहे त्याला चाकोरी म्हणजे काय ते पक्कं ठाऊक असतं. पावसाळ्यात चिखलातून गाड्या जाऊन जाऊन दोन खोल रेघा पडतात आणि दसऱ्या-दिवाळीपर्यंत त्या वाळून विटेसारख्या टणक होतात. मग पुढच्या पावसापर्यंत सगळ्या गावाने त्याच दोन रेघांतून जायचं. तुमच्या बंडीचं माप गावापेक्षा चार बोटं जास्त असेल तर एक चाक चाकोरीत आणि दुसरं उंचवट्यावर. गाडी तिरपी, बैलाच्या मानेवर जू तिरपं, आणि आखावर सगळा ताण. असं दोन कोस चाललं की आख तरी जातो नाहीतर बैल तरी बसतो. म्हणून एका टापूतले सुतार एकाच मापाच्या गाड्या करत. कुणी कायदा केला नव्हता. रस्त्यानेच केला होता.

चीनमध्ये मात्र खरोखरच कायदा केला. इसवी सनापूर्वी २२१ मध्ये छिन शी ह्वांगने सगळी राज्यं जिंकून एक केली तेव्हा लिपी एक केली, वजनंमापं एक केली, आणि गाड्यांच्या आखांची लांबीही एक केली. शाळेत हे वाचताना मला वाटायचं, सम्राटाला एवढं काय पडलं होतं गाडीच्या आखाचं? नंतर लक्षात आलं की वेगवेगळ्या राज्यांच्या चाकोऱ्या वेगवेगळ्या असतील तर एका राज्याची रसद दुसऱ्या राज्यात जाऊच शकत नाही. सीमेवर धान्य उतरवा, दुसऱ्या गाडीत भरा. असं रडगाणं पुढे आमच्या जिल्ह्यातही झालं, त्याकडे येतोच.

आधी आपल्याकडच्या गाड्यांचं बघू. आपली समजूत अशी की बैलगाडी म्हणजे अगदी वेदकाळापासून जशीच्या तशी. तसं नाही. दोनशे वर्षांपूर्वी मध्य हिंदुस्थानातला लांबचा माल गाडीतून जातच नव्हता फारसा. तो जायचा बैलाच्या पाठीवरून. वऱ्हाडचा नि नागपूरकडचा कापूस मिर्झापूरला गंगेवर नेऊन घालत, तो सुमारे पाचशे मैलांचा प्रवास बंजाऱ्यांच्या तांड्यांतले बैल पाठीवर गोण्या घेऊन करत. धान्य, मीठ, सगळं तसंच. पाठीवर ओझं नेणाऱ्या बैलाला रस्ता लागत नाही, पायवाट पुरते. रस्ते नव्हते म्हणून गाड्या नव्हत्या आणि गाड्या नव्हत्या म्हणून रस्ते नव्हते.

देशावर ज्या गाड्या होत्या त्या ओबडधोबड. भरीव, आरे नसलेली चाकं, बेढब वजन, दोन चाकांमधलं अंतर कमी. त्यात बदल कुणी केला याची गोष्ट मला फार आवडते, कारण त्यात सुतारांच्या बरोबरीने जमीन मोजणारे साहेबही आहेत. १८३५ च्या सुमारास इंदापूर भागात गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी नव्याने जमीन मोजणी सुरू केली. महाराष्ट्राच्या सातबारामागे जी मोजणी आहे तिची सुरुवात ही. त्याच मंडळींपैकी लेफ्टनंट गेसफर्ड याने सोलापूर जिल्ह्यात टेंभुर्णीला गाड्यांचा कारखाना काढला. हलकी गाडी, आऱ्यांची चाकं, जास्त रुंद बैठक, दोन बैलांना ओढवेल अशी. काही वर्षांत पुणे-सोलापूर पट्ट्यात ती पसरली. आज आपण जिला परंपरागत बैलगाडी म्हणून मिरवणुकीत सजवतो, तिच्यात या टेंभुर्णीच्या गाडीचा बराच अंश आहे. (परंपरा म्हणून जे जे दाखवतात ते कधीतरी कुणाच्या तरी कारखान्यातून आलेलं असतं, असा मला हळूहळू संशय यायला लागला आहे. असो.)

आमच्या झाडीपट्टीत गाड्यांचे प्रकार वेगळे. ओझ्याची ती बंडी, माणसं न्यायची हलकी ती रेंगी, आणि पटावर पळवायचा तो छकडा. शंकरपटाचा मोसम आला की लाखनी-साकोलीकडे आजही लोकांना दुसरं काही सुचत नाही. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पट बंद पडले, डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा उचलून धरला. त्या मधल्या वर्षांत छकडे करणाऱ्या सुतारांचं काय झालं, हे कुणी लिहिलेलं माझ्या वाचनात नाही.

चाक करणं हे सुतार आणि लोहार या दोघांचं मिळून काम. आमच्या घरची बंडी भरली तेव्हा मी सातआठ वर्षांचा असेन. (बंडी 'भरणे' म्हणजे चाक नव्याने बांधणे.) मधे तुंबा, त्यातून निघालेले आरे, आऱ्यांच्या टोकांवर बसवलेले वाकडे पुठ्ठे आणि त्यांच्यावरून लोखंडी पट्टीची धाव. आमच्याकडच्या रानात लाकडाला तोटा नव्हता. आखाला धावडा, चाकाला तिवस, कारण दोन्ही चिवट, धक्का खाऊन फुटत नाहीत. साग दिसायला राजा, पण तो साटीला आणि घराच्या चौकटीला.

धाव चढवण्याचा दिवस म्हणजे आम्हा पोरांचा सण. लोहार धाव मुद्दामच चाकापेक्षा किंचित लहान करायचा. मग गोवऱ्यांचा मोठा गोल रचून त्यात ती लाल होईपर्यंत तापवायची. तापली की ती फुगते. तिघाचौघांनी सांडशीने उचलून चाकावर बसवायची, लाकूड पेटायच्या आत घणाचे ठोके द्यायचे आणि धडाधड पाणी ओतायचं. वाफेचा लोट, जळक्या लाकडाचा वास, आणि थंड होताना धाव आवळत जाते तसे आरे तुंब्यात कर्रकन् बसल्याचा आवाज. ना खिळा, ना सरस. नुसत्या आकसण्यावर ते चाक पंधरा-वीस वर्षं चालायचं.

आता इथे एक बारीक गोष्ट सांगतो, कारण ती पुढे कामाला येणार आहे. चाक आखावर सैल फिरतं आणि बाहेरून एक लोखंडी खीळ घालून ते अडवलेलं असतं. काही वर्षांनी तुंब्याची तोंडं झिजली की चाक आखावर आतबाहेर हलायला लागतं. त्यावर आमचे आजोबा खिळीच्या आत लोखंडी वायसर घालायचे. एक घातला की चाक गप्प. दुसरा घातला तरी चालायचं. तिसरा मात्र लोहार घालू देत नसे. तो म्हणे, "पाटील, आता आख बदला. वायसरानं आख लांब नाही होत जी." स्पेसरबद्दल एवढं नेमकं वाक्य मी पुढे कुठल्याही इंजिनियरकडून ऐकलं नाही.

बैलगाड्यांचं हे असं गावोगाव, सुताराच्या हातमापाने चाललेलं होतं. दोन चाकांमधल्या अंतरावर राज्यकर्त्यांनी खरं भांडण केलं ते रेल्वे आली तेव्हा. इंग्लंडात दोन रुळांमधलं अंतर चार फूट साडेआठ इंच. हिंदुस्थानात काय ठेवायचं? लॉर्ड डलहौसीच्या मनात सहा फूट होते. वारावादळात डबे स्थिर राहावेत, हे रुंद मापामागचं एक कारण. शेवटी साडेपाच फूट ठरलं आणि १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गेलेली गाडी त्या मापावर धावली. पुढे पैसे कमी पडू लागले. मग १८७० मध्ये लॉर्ड मेयोच्या काळात स्वस्तातलं लहान माप काढलं आणि ते नेमकं एक मीटर ठेवलं, कारण हिंदुस्थानात तेव्हा मेट्रिक मापं आणायचं चाललं होतं. मापं आली नाहीत (ती यायला स्वातंत्र्य उजाडावं लागलं), पण मीटर गेज राहून गेलं.

याचा फटका थेट आमच्या भंडाऱ्याला. नागपूरपर्यंत मुंबईहून आलेली लाइन रुंद मापाची. तिथून पूर्वेला छत्तीसगडचं धान्य आणायला १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला जी नागपूर-छत्तीसगड रेल्वे बांधली ती मीटर गेजची. वरठीवरून, म्हणजे भंडारा रोडवरून, तुमसर, गोंदिया करत राजनांदगावपर्यंत. म्हणजे तिकडचा गहू-तांदूळ नागपुरात आला की डबा रिकामा करा, पोती खांद्यावर घ्या आणि शेजारच्या रुळावरच्या रुंद डब्यात भरा. छिन शी ह्वांगने सगळं पाहिलं असतं तर कपाळावर हात मारला असता. १८८७ मध्ये बंगाल नागपूर रेल्वे कंपनी निघाली, तिने ही लाइन घेतली आणि ती रुंद केली. बांधून दहा वर्षंही झाली नव्हती. स्वस्तात केलेलं काम दुप्पट पैशाने परत करायचं, हा आपल्याकडचा रिवाज जुनाच आहे.

तरी शहाणपण आलं म्हणावं तर तेही नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याच कंपनीने गोंदियाहून बालाघाट-नैनपूर-जबलपूरकडे अडीच फुटांची छोटी लाइन टाकली. (गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातच. १ मे १९९९ ला वेगळा जिल्हा झाला.) सातपुड्याच्या घाटात वळणं तीव्र, तिथे अरुंद मापच परवडतं, हे त्यामागचं कारण खरंही होतं. पण ती लाइन पूर्ण रुंद होऊन गोंदिया-जबलपूर सरळ गाडी सुरू व्हायला अगदी अलीकडची वर्षं उजाडावी लागली. शंभर वर्षांवर गोंदियाला हमालांनी पोती एका रुळावरून दुसऱ्या रुळावर वाहिली, ती साडेपाच फूट आणि अडीच फूट यांमधल्या तीन फुटांसाठी.

इकडे रस्त्यांवर तोवर तिसराच तंटा सुरू झाला होता. मोटार आली. नागपूरहून भंडारा-साकोली-देवरीवरून रायपूरला जाणारा रस्ता, ज्याला इंग्रज ग्रेट ईस्टर्न रोड म्हणत (पुढे हायवे सहा, आता त्रेपन्न), तो मुरूम आणि खडीचा. त्यावर बैलगाड्या आणि मोटारी एकत्र. बंडीची लोखंडी धाव जेमतेम दोन बोटं रुंद. दहाबारा क्विंटलचं ओझं त्या दोन बोटांवर. खडी चिरडली जायची, चर पडायचे. आणि मोटारीचं रबरी चाक त्या चरातली धूळ शोषून मागे उडवायचं. रस्ता दोघं मिळून खराब करत, पण इंजिनियर लोक दोष देत बैलगाडीला, कारण मोटारवाला तक्रार इंग्रजीतून करू शकत होता.

१९२७ मध्ये सरकारने रस्त्यांसाठी समिती नेमली, तिचे अध्यक्ष मुकुंदराव जयकर. आपलेच बॅरिस्टर जयकर, जे पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. त्यांच्या समितीने सुचवलं की पेट्रोलवर जादा कर घ्या आणि तो रस्त्यांवरच खर्च करा. त्यातून १९२९ मध्ये केंद्रीय रस्ता निधी उभा राहिला, १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस निघाली आणि डिसेंबर १९४३ मध्ये देशभरातले मुख्य अभियंते आमच्या नागपुरात जमून त्यांनी वीस वर्षांचा रस्त्यांचा आराखडा केला. तो नागपूर प्लॅन या नावानेच ओळखला जातो. नागपूरकराला संत्री आणि अधिवेशन सोडून अभिमान बाळगायला आणखी एक गोष्ट.

बैलगाडीचं चाक मात्र इंजिनियरांच्या ठरावांनी बदललं नाही. ते बदललं टायरने. डनलॉप नावाच्या जनावरांच्या डॉक्टरने १८८८ मध्ये बेलफास्टला हवेचं टायर काढलं ते स्वतःच्या पोराच्या तीनचाकी सायकलसाठी. (त्याच्याही चाळीसेक वर्षं आधी थॉमसन नावाच्या गृहस्थाने पेटंट घेतलं होतं, पण तेव्हा त्याला गिऱ्हाईकच नव्हतं.) १९३० च्या दशकात बैलगाडीला लावायची हवेची चाकं आपल्याकडे आली. आमच्याकडे तिला डनलॉपच म्हणतात, कंपनी कुठलीही असो. "डनलॉप आणली का?" म्हणजे टायरची बंडी आणली का. चाक खाली आलं, बेअरिंग आलं, बैल दुप्पट ओझं ओढू लागला. आणि एक गोष्ट गुपचूप घडली. डनलॉपला चाकोरीची गरज उरली नाही. रुंद टायर रेघेत शिरतच नाही, ते दोन्ही कडांवरून जातं. दोन-अडीच हजार वर्षं ज्या रेघेने गाडीचं माप ठरवलं होतं, ती रेघ बुजली.

सत्तर-ऐंशीच्या दशकात बंगलोरच्या आयआयएमचे एन. एस. रामस्वामी बैलगाडी सुधारा म्हणून देशभर सांगत फिरले. देशात दीडेक कोटी बैलगाड्या आहेत, रेल्वेइतकाच पैसा त्यांत गुंतलेला आहे आणि त्यांच्यावर संशोधन मात्र कुणी करत नाही, असं त्यांचं म्हणणं. लोक हसले. माणूस शहाणा होता, पण वेळ निघून गेली होती. गडेगावला, म्हणजे लाखनीच्या अलीकडे, अशोक लेलँडचा कारखाना १९८२ मध्ये उभा राहिला आणि आमच्या भागातल्या सुतारांची पोरं तिथे फिटर म्हणून लागली.

आता पिकअप. पिकअपच्या कुळात जीप आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत विलीज कंपनीने सैन्यासाठी जीप केली. तिचं चाक पाच बोल्टांवर बसायचं आणि त्या पाच बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास होता साडेपाच इंच. स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्रा बंधूंनी त्याच जीपचे भाग आणून मुंबईत जोडायला सुरुवात केली. पुढे सगळं बदललं. इंजिन, गिअर, बॉडी, नावसुद्धा. पण आजही बोलेरोचं चाक काढून मोजलं तर पाच बोल्ट, १३९.७ मिलिमीटर. म्हणजे साडेपाच इंचच. ऐंशी वर्षांपूर्वी ओहायोत कुणा ड्राफ्ट्समनने कागदावर काढलेलं वर्तुळ आमच्या पांदणीतून फिरतं आहे. चाकोरी बुजली असं वर म्हटलं खरं, पण ती फक्त जमिनीवरून उठून हबमध्ये जाऊन बसली.

आमच्या मोठ्या बहिणीच्या मुलाने तीन वर्षांपूर्वी कर्जावर पिकअप घेतली. पंचविशीतलं पोरगं, दीड एकर धान, त्यावर काय होतं? गाडीवर घर चालतं. धानाच्या दिवसांत पोती, मग तणस, उन्हाळ्यात भाजी. मागच्या हिवाळ्यात तलावाच्या पाळीवरच्या रस्त्याने तणस घेऊन येताना गाडी एका बाजूला इतकी झुकली की क्लीनर पोरगा उडी मारून मोकळा झाला. ज्यांनी भंडाऱ्यातले जुने मालगुजारी तलाव पाहिलेत त्यांना ती पाळ कशी असते ते सांगायला नको. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला वीस फुटांवर बांध्या, आणि मधे एका गाडीपुरता रस्ता. गाडी सावरली. पण रात्री त्याचा फोन आला. "मामाजी, स्पेसर टाकू का नवे रिम घेऊ? दुकानवाला म्हनते स्पेसरनं काम होते, चार हजारात. रिम-टायरले तर खूप लागतेत जी."

त्याला जे सांगितलं ते इथे थोडं सविस्तर लिहितो, कारण हा प्रश्न विचारणारा तो एकटा नाही.

स्पेसर म्हणजे हब आणि रिम यांच्या मधे घालायची चकती. तीस मिलिमीटरची घातली तर प्रत्येक चाक तीस मिलिमीटर बाहेर, एकूण रुंदी साठने वाढते. त्यातही दोन जाती. एक नुसती चकती, जी मूळच्या बोल्टांवरच सरकवतात. तिने नट पकडायला आटे कमी उरतात आणि ओझ्याच्या गाडीला ती घालणं म्हणजे देवाला बोलावणं. दुसरी, जी आधी हबला कसून बसते आणि तिच्या अंगच्या बोल्टांवर चाक बसतं. ही बरी, पण तरी एक सांधा वाढलाच. दर चाकाला दुप्पट नट, आणि आतले नट चाक काढल्याशिवाय दिसत नाहीत. ते ढिले झाले आहेत हे कळतं तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो.

नवे रिम घेतले तर तो जादा सांधा टळतो. पण एक गोष्ट दुकानवाले सांगत नाहीत. चाक बाहेर काढणारे रिम घेतले तर बेअरिंगवरचा ताण स्पेसरइतकाच वाढतो. चाक तीस मिलिमीटर बाहेर गेलं की गेलं, ते चकतीने गेलं की रिमच्या आकाराने, बेअरिंगला काय फरक? ओझ्याची रेघ बेअरिंगच्या बाहेर सरकते. पुढच्या चाकाला तर स्टिअरिंगही जड होतं आणि खड्ड्यात हिसका जास्त बसतो. शिवाय बाजारात चकचकीत अलॉय मिळतात ते बहुतेक कारसाठी केलेले. त्यांच्यावर किती किलो पेलेल हा आकडा आतल्या बाजूला कोरलेला असतो, तो न वाचता घेऊ नयेत.

आणि मुख्य हिशेब तर राहिलाच. समजा दोन चाकांमधलं अंतर १४०० मिलिमीटर आहे आणि तणस रचल्यावर गाडी-मालाचा मिळून गुरुत्वमध्य जमिनीपासून १५०० मिलिमीटरवर गेला. स्प्रिंगांचं दबणं सोडून दिलं तर अशी गाडी सुमारे पंचवीस अंश कलली की उलटणार. साठ मिलिमीटर रुंदी वाढवली तर ती सुमारे सव्वीस अंशांवर उलटेल. एक अंश. त्याऐवजी माल असा रचला की तो मध्य दोनशे मिलिमीटर खाली यावा, तर उलटायला अठ्ठावीस अंशांच्या वर लागतात. म्हणजे तणसाचे वरचे एकदोन थर कमी केले तर जे काम होतं, त्याच्या तिसऱ्या हिश्श्याचं काम चार हजारांचे स्पेसर करतात, आणि वर बेअरिंग खातात ते वेगळं. आमचे आजोबा बंडीत भारे रचताना गावच्या पोरांना नेमकं हेच सांगायचे, फक्त अंशांत नाही, शिव्यांत.

कायद्याचंही आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा ९ जानेवारी २०१९ चा निकाल यांचा सरळ अर्थ असा, की कंपनीने नोंदवलेल्या मूळ रचनेत फरक करता येत नाही. पासिंगला अडवतील की नाही हा नशिबाचा भाग. पण अपघात झाल्यावर विमा कंपनीचा माणूस येतो तेव्हा तो सगळ्यात आधी चाकाकडे बघतो, आणि कर्जाचे हप्ते काही त्याला विचारून थांबत नाहीत.

पोराने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "थर कमी केला तर एका खेपेचे पैसे जातेत ना जी, मामाजी." हे खरं आहे, आणि याला माझ्याकडे हिशेबाने देण्यासारखं उत्तर नव्हतं. तणसाचं भाडं खेपेवर मिळतं, अंशांवर नाही. दोन खेपांची तीन केली तर डिझेल त्याच्या खिशातून. शेवटी गॅरेजवाल्याने गाडी उचलून पाहिली तेव्हा निघालं की मागच्या दोन रिमच्या कडा वाकल्या होत्या आणि एका बाजूच्या पाट्याची एक पट्टी तुटली होती. गाडी झुकत होती ती त्यामुळेही. कंपनीच्याच मापाचे दोन रिम आणि एक पाटा, एवढं झालं. खर्च स्पेसरच्या दुपटीच्या वर गेला, त्यातले अर्धे बहिणीने दिले. तणसाचा एक थर त्याने कमी केला. दोन कमी करायला सांगितलं होतं.

राहता राहिली पांदण. इंदापूरला ज्यांनी मोजणी सुरू केली त्यांची साखळी तेहतीस फुटांची होती, सोळा आण्यांची. गुंठा म्हणजे तेहतीस बाय तेहतीस, तो त्या साखळीतूनच आला. महसुली नकाशातल्या वाटांची मापंही बघा. पायवाट सव्वाआठ फूट, म्हणजे चार आणे. गाडीवाट साडेसोळा फूट, म्हणजे आठ आणे. समोरासमोर आलेल्या दोन बंड्यांना चाक न घासता जाता यावं, एवढी रुंदी. आमच्या गावच्या पांदणीत लहानपणी दोन बंड्या अशा गेलेल्या मी पाहिल्या आहेत. आज दोन्हीकडचे धुरे दर नांगरणीला वीतभर आत सरकत सरकत तिथे एक पिकअप जेमतेम जाते, आणि जिची चाकं बाहेर आलेली आहेत ती बाभळीच्या काट्यांत टायर घासून घेते. गेल्या वर्षी गावकऱ्यांनी तहसीलला अर्ज केला आहे. ज्यांचे धुरे सरकलेत त्यांच्याही सह्या त्यावर आहेत. धान निघालं की मोजणीवाले येणार म्हणतात.